‘आचंद्रार्क’ या शब्दाची मर्यादा

जुना ताम्रपट किंवा इनामपत्र हातीं आलें म्हणजे अभ्यासक प्रथम राजाचें नांव पाहतो, मग शक व तिथि, मग गांव व त्याच्या चतुःसीमा. दानाच्या मुदतीचा शब्द मात्र तो ठराविक म्हणून सोडून देतो. ‘आचंद्रार्क’ हा तो शब्द होय. मराठी पत्रांत त्याच्या जागीं सूर्यचंद्र असेतोंवर, पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनें, लेकराचे लेकरीं अशी भाषा येते. आम्हीही पुष्कळ वर्षें हा शब्द वाचून पुढें जात होतों. परंतु हीं पत्रें जवळ बाळगणाऱ्या मंडळींनीं तरी एकदां विचारावयास हवें कीं, देणाऱ्याच्या मनांत या शब्दाचा अर्थ कोणता होता, आणि दान प्रत्यक्षांत किती टिकलें ?

प्रथम शब्दाकडे वळूं. यांतील ‘आ’ म्हणजे व्याकरणांतील आङ्. पाणिनीनें त्याचे दोन अर्थ दिले आहेत, मर्यादा आणि अभिविधि. सांगितलेली वस्तु वगळून तिच्यापर्यंत, ही मर्यादा. ती वस्तु धरून, हा अभिविधि. ‘आमरण’ म्हणतांना आपण मरणाशीं थांबतों. ‘आबालवृद्ध’ म्हणतांना बालक व वृद्ध या दोघांसही धरतों. आचंद्रार्क हा मर्यादेचा म्हणावा कीं अभिविधीचा, हा वाद वैयाकरणांनीं खुशाल करावा. एवढें मात्र खरें कीं दोन्ही अर्थीं तो शब्द सीमा सांगतो. अनंत, अविनाशी, शाश्वत असे शब्द संस्कृतांत विपुल असतां दानपत्राच्या लेखकांनीं जो शब्द रूढ केला तो असा कुंपण असलेला. आजचे ज्योतिर्विद् सूर्याचें पुढील आयुष्य सुमारें ५ अब्ज वर्षें मानतात. इतकी मुदत कोणत्याही इनामदारास कमी पडली नसती. कमी पडली ती निराळ्याच ठिकाणीं.

तें ठिकाण पाहावयाचें तर, दान दिल्यानंतर त्याचें काय झालें हें खुद्द दात्यानेंच लिहून ठेविलें आहे, असें उदाहरण हवें. तसें आपल्या दाराशींच आहे. नाशिकच्या त्रिरश्मि डोंगरांतील, म्हणजे पांडवलेण्यांतील, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरींत गौतमीपुत्र सातकर्णीचे दोन लेख एकाखालीं एक कोरलेले आहेत. पहिला त्याच्या राज्याच्या १८ व्या वर्षाचा. गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालित यास आज्ञा आहे कीं, अपर कखडी या गांवीं आजवर उषवदाताच्या भोगांत असलेलें २०० निवर्तनें शेत त्रिरश्मीवरील भिक्षूंस दिलें आहे. या शेतांत शिपायांनीं शिरूं नये, कोणीं त्यास हात लावूं नये, मिठासाठीं तें खणूं नये, अशा सवलतीही सांगितल्या आहेत. जिंकलेल्या पक्षाच्या माणसाची जमीन जेत्यानें धर्मकार्यास लावली, असा हा प्रकार दिसतो. कारण हा उषवदात बहुतेक क्षहरात नहपानाचा जांवईच असावा.

दुसरा लेख २४ व्या वर्षाचा. आतां अमात्य श्यामक आहे, आणि आज्ञेंत राजाबरोबर राजमातेचेंही नांव आहे. कखडी गांवीं पूर्वीं जें शेत दिलें तें कसलें जात नाहीं व तो गांवही वसत नाहीं, सबब नगराच्या शिवेवरील राजकीय शेतांतून १०० निवर्तनें द्यावीं, असा त्याचा आशय. सहा वर्षें ! दान देणारा राजा तोच, राज्य तेंच, घेणारे भिक्षु त्याच डोंगरावर, सूर्यचंद्र आपल्या जागीं; तरी दान निष्फळ झालें, कारण शेत कसावयास कोणी उरला नाहीं. आम्हांस हा लेख आपल्याकडील सर्व दानलेखांत अधिक प्रामाणिक वाटतो. पहिली आज्ञा खोडून टाकिली नाहीं. तिच्याच खालीं दुसरी कोरविली. आणि २०० च्या जागीं १०० कां, याची चर्चा विद्वानांनीं कितीही केली तरी, नगराशेजारची पिकती जमीन व ओसाड गांवची जमीन यांचें मोल एक नसतें, हें कोणत्याही कुळकर्ण्यानें सांगितलें असतें.

पुढल्या पिढींत तेंच पुन्हां घडलें. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या २२ व्या वर्षाच्या लेखांत सुदिसण नांवाच्या गांवाच्या बदली सामलिपद हें गांव दिल्याची नोंद आहे. म्हणजे एकाच लेण्याच्या निर्वाहासाठीं थोड्या वर्षांत दोन वेळां अदलाबदल करावी लागली.

शेजारच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत उषवदाताचा स्वतःचा लेख आहे. त्यांत जमिनीपेक्षां मोठी युक्ति केलेली आहे. ४२ व्या वर्षीं त्यानें ३,००० कार्षापण ‘अक्षयनीवी’ म्हणून दिले. नीवी म्हणजे मुद्दल; तें कधीं मोडावयाचें नाहीं, केवळ व्याज भोगावयाचें. गोवर्धनांतील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे २,००० दरमहा शेंकडा एक प्रमाणें, आणि दुसऱ्या श्रेणीकडे १,००० शेंकडा पाऊण प्रमाणें ठेविले. पहिल्या रकमेचें वार्षिक व्याज २४० येतें. लेण्यांत वर्षाकाळ घालविणाऱ्या वीस भिक्षूंस चीवरासाठीं प्रत्येकीं १२ कार्षापण द्यावयाचे, म्हणजे बरोबर २४०. हिशेब असा चोख आहे कीं शाळेंतल्या मुलांस उदाहरण म्हणून घालावा. इतकेंच नव्हे, हें सर्व निगमसभेंत वाचून दाखविलें व रीतीप्रमाणें फलकावर चढविलें, असेंही लेख सांगतो. म्हणजे दगडावरची ही प्रत दुय्यम होय. अस्सल नोंद सभेच्या दप्तरांतील फलकावर होती.

आज फलक नाहीं, सभा नाहीं, कोष्ट्यांच्या त्या श्रेणी नाहींत. अक्षय मुद्दलाचें काय झालें याचा थेट पुरावा नाहीं, परंतु त्या काळच्या नाण्यांचें काय झालें तें आपणांस ठाऊक आहे. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें नहपानाच्या १३,००० हून अधिक रुप्याच्या नाण्यांचा निधि सांपडला. त्यांपैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपली मुद्रा पुन्हां उठविलेली आहे. नाणें मोडलें नाहीं, वितळविलें नाहीं. एका राजाच्या मुखावर दुसऱ्याचें चिन्ह ठोकलें आणि तेंच रुपें बाजारांत पुन्हां चालूं लागलें. अक्षय हा शब्द कशास लावावा, मुद्रेस कीं रुप्यास, हा प्रश्न आम्ही थोडा वेळ बाजूस ठेवितों. त्याकडे पुन्हां यावयाचें आहे.

ताम्रपटांच्या काळीं दात्यांस या संकटाची पुरती जाणीव झालेली दिसते. याज्ञवल्क्यानें आचाराध्यायांत दानलेखाचा विधि सांगितला आहे : वस्त्रावर किंवा तांब्याच्या पत्र्यावर लेख करावा, त्यांत आपली वंशावळ, दानाचें परिमाण व सीमा लिहाव्या, आपली मुद्रा व सही घालावी, आणि हें सारें कशासाठीं, तर पुढें येणाऱ्या भल्या राजांस कळावें म्हणून. हें प्रयोजन लक्षांत घेण्यासारखें आहे. लेख घेणाऱ्यासाठीं तर आहेच, पण त्याचा खरा वाचक अजून जन्मास यावयाचा आहे. पट्टाच्या शेवटीं जे शापाशीर्वादाचे श्लोक व्यासाच्या नांवावर येतात त्यांचाही रोख त्याच वाचकाकडे आहे. भूमि देणारा साठ हजार वर्षें स्वर्गांत राहतो, हरण करणारा तितकींच वर्षें नरकांत, हें भय सर्वांस परिचित आहे. परंतु त्यांच्याच जोडीला जो श्लोक येतो त्याचा आशय अधिक धूर्तपणाचा आहे : ही पृथ्वी सगरादि पुष्कळ राजांनीं भोगिली, आणि ज्या वेळीं ती ज्याची, त्या वेळीं दानाचें फळही त्याचेंच. दात्याचें पुण्य दात्यापाशींच राहतें असें म्हटलें असतें तर परक्या वंशांतील राजानें तें दान कां राखावें ? येथें सांगितलें आहे कीं, तूं नुसतें राखिलेंस तरी तुला नव्यानें दिल्याचें श्रेय आहे. आचंद्रार्क लिहिणाऱ्या राजाच्या लेखकानें त्याच पत्र्यावर चार ओळी खालीं आपल्या धन्याचा वंश जाणार हें गृहीत धरून ठेविलें आहे.

पत्र्यांची घडणही तशीच सावध. अक्षरें घासूं नयेत म्हणून कडा उचललेल्या, पहिल्या व शेवटच्या पत्र्याची बाहेरील बाजू बहुधा कोरी, सर्व पत्रे एका कडींत ओंवून कडीचीं टोंकें राजमुद्रेंत सांधलेलीं. तरीही तांबें हें शेवटीं तांबें. जुना लेख ठोकून सपाट करून त्यावर नवा कोरल्याचीं उदाहरणें आहेत. मूळ पट्ट गमावला अथवा मुळींच नव्हता, म्हणून मागाहून बनविलेले कूटपट्ट आहेत, आणि फ्लीटसारख्या विद्वानांस त्यांच्या याद्या कराव्या लागल्या. कूटपट्टाविषयीं संग्राहकांत जी नुसती तुच्छता आढळते ती आम्हांस फारशी मान्य नाहीं. खोटा पट्ट हा पुष्कळदां खऱ्या भोगवट्याचा हताश पुरावा असतो. जमीन पिढ्यान् पिढ्या खात आहों, पण कागद मागतात, मग करणार काय ?

गद्धेगाळीविषयीं थोडेंच लिहितों, कारण त्यांवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. शिलाहार-यादवांच्या मुलखांत, विशेषतः उत्तर कोंकणांत, या शिळा सांपडतात. माथ्यावर सूर्य व चंद्र, मध्यें लेख, तळाशीं शापाचें तें चित्र. येथें आचंद्रार्क हा शब्द वाचतां न येणाऱ्यासाठीं चित्रानें लिहिला आहे. परळ येथील शके ११०८ चा अपरादित्याचा लेख हा यांपैकीं एक. शिळा राहिली, शापही वाचतां येतो. दिलेल्या उत्पन्नाचें आज नांव नाहीं.

आतां कागदाकडे. दगड, तांबें व कागद यांत कागद सर्वांत दुबळा. परंतु मराठेशाहीच्या कागदांत जी एक योजना आहे ती आधींच्या कोणत्याही लेखांत इतकी स्पष्ट नाहीं. इनामपत्राच्या अखेरीस देशमुख-देशपांडे, मोकदम किंवा कमाविसदार यांस हुकूम असतो कीं, दरसाल नवीन पत्राचा आक्षेप करूं नये, आणि या पत्राची प्रत लिहून घेऊन अस्सल पत्र भोगवट्यास इनामदाराजवळ परत द्यावें. हीं दोन कलमें नेहमीं जोडीनें येतात. पहिल्यावरून उघड होतें कीं नव्या पत्राचा आक्षेप होत असे. नाहीं तर मनाई कशास? आणि प्रत्यक्षांत छत्रपति बदलला, पेशवा बदलला, प्रांत दुसऱ्या सरदाराकडे गेला कीं इनामदार मागील पत्रें घेऊन हुजूर जाई व नवें पत्र करून घेई. एकाच जमिनीचीं आदिलशाही किंवा निजामशाही खुर्दखत, मग छत्रपतींचें, मग पेशव्यांचें, अशीं पत्रें एका पोतडींत सांपडतात तीं यामुळेंच. जितक्या वेळां राज्य पालटलें तितक्या वेळां ‘सूर्यचंद्र असेतोंवर’ नव्यानें लिहावें लागलें. दुसऱ्या कलमानें एका पत्राच्या तीनचार प्रती तीनचार दप्तरांत पडल्या. अस्सल जळालें तरी नक्कल उरली. आज पुष्कळ इनामांची माहिती आपणांस मिळते ती अशा नकलांवरूनच.

१८१८ नंतर चौकशी झाली तिनें या व्यवस्थेची कसोटी पाहिली. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनाचें काम चाललें तेव्हां सनद कोणाची, देणाऱ्यास अधिकार होता काय, आणि भोगवटा अखंड आहे काय, असे प्रश्न निघाले. सूर्यचंद्रांची साक्ष कोणीं घेतली नाहीं. पुष्कळांचीं इनामें गेलीं, पुष्कळांचीं राहिलीं. १८६३ च्या कायद्यांनीं ठराविक रक्कम भरून चौकशीवांचून हक्क कायम करून घेण्याची वाट निघाली. शेवटीं मुंबई सरकारच्या १९५२ च्या कायद्यानें वैयक्तिक इनामें रद्द झालीं. देवस्थानांचीं त्यांतून वगळलीं. कसणाऱ्याच्या दृष्टीनें तें योग्यच झालें, याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. कखडीच्या शेतावरूनही हेंच दिसतें कीं जमीन कसणाऱ्यावांचून दानपत्र कोरेंच असतें.

परंतु या कायद्याचा एक परिणाम कोणाच्या ध्यानीं आला नाहीं, आणि आमच्या वाचकांशीं खरा संबंध त्याचाच आहे. तोंवर हे कागद घरोघर जपले जात होते ते इतिहासासाठीं नव्हेत. ते हक्काचे पुरावे होते. दर दसऱ्यास पोतडी उघडावयाची, उन्हें दाखवावयाचीं, कसर झटकावयाची, थोरल्या मुलास कोणता कागद कशाचा तें सांगावयाचें, हें सारें जमिनीसाठीं चाले. जमिनीचा हक्क संपला आणि कागदाचा राखणदार गेला. पुढील पिढीस मोडी येईना, कागद कशाचा तें कळेना. जो कागद चार राज्यें पालटून टिकला तो माळ्यावर वाळवीनें खाल्ला, किंवा घर पाडतांना रद्दींत गेला.

येथें मघां बाजूस ठेविलेल्या प्रश्नाकडे येतों. पतंजलीनें महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकांत नित्य म्हणजे काय याचा विचार केला आहे. सोन्याचा गोळा मोडून एक दागिना होतो, तो मोडून दुसरा. आकार जातो, सोनें राहतें, म्हणून द्रव्य नित्य. येथपर्यंत आपणही त्याच्याबरोबर सहज जातों. परंतु भाष्यकार पुढें म्हणतात कीं अचल, न बदलणारें तेवढेंच नित्य असें मानण्याचें कारण नाहीं. ज्याचें तत्त्व नष्ट होत नाहीं तेंही नित्यच, आणि या अर्थीं आकृतीही नित्य आहे. पुढील वैयाकरणांनीं यांतून कूटस्थनित्यता व प्रवाहनित्यता असा भेद केला. पर्वतशिखरासारखें टिकणें निराळें. नदीसारखें टिकणें, ज्यांत आजचें पाणी कालचें नसतें, तें निराळें. जोगळटेंभीच्या नाण्यांत रुपें राहिलें व मुद्रा गेली. आमच्या संग्रहांत बहुधा उलट घडतें : कागद जातो, शाई जाते, अक्षराचें वळण जातें, मजकूर नकलेंत उतरला असेल तर राहतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील ऋग्वेदाच्या ३० पोथ्या २००७ सालीं युनेस्कोच्या जागतिक स्मृतीच्या नोंदींत घेतल्या गेल्या. त्यांतील सर्वांत जुनी १४६४ सालची. संहिता तिच्याहून दोन-अडीच हजार वर्षांनीं तरी जुनी. ती ज्या वस्तूंत टिकली ती वस्तु म्हणजे पाठ करणाराचा कंठ, आणि असा एकही कंठ शंभर वर्षांपलीकडे टिकलेला नाहीं.

कांहीं दिवसांपूर्वीं आम्हांस एका घरीं पेशवाईंतील एक इनामपत्र पाहावयास मिळालें. यजमानांस त्याचें मोठें अगत्य. पत्र कायमचें टिकावें म्हणून त्यांनीं तें दुकानांत नेऊन दोन प्लास्टिकच्या पत्र्यांत उष्णतेनें चिकटवून आणिलें होतें. जोडावरचा शिक्का आंत दबला होता. पाठीवरच्या नोंदी, म्हणजे पत्र कोणत्या दप्तरांत रुजू झालें त्याच्या खुणा, कागद पाठीस दुसरा कागद लावून जाड केल्यामुळें झांकल्या गेल्या होत्या. काजळाच्या शाईस शतकें बाधत नाहींत, पण त्या कागदास आतां श्वास नाहीं, आणि तो सोडवूं गेल्यास फाटेल. आम्हीं यजमानांस दोष दिला नाहीं. कूटस्थनित्यतेचा मोह मोठा असतो, आणि कुलुपांत पोथी ठेवून कोणास नक्कल करूं न देणारे आमचे संग्राहकमित्र तरी दुसरें काय करितात ? छायाचित्रें संगणकांत घातलीं म्हणजे काम झालें असें समजणारेही त्याच वाटेनें जातात. वीस वर्षांपूर्वींच्या तबकड्या आज कोणत्या यंत्रांत घालावयाच्या, हें त्यांनीं आम्हांस दाखवावें. तीही नक्कलच आहे, आणि तिचीही दर कांहीं वर्षांनीं नक्कल करावी लागते.

त्या पत्राची बालबोध नक्कल आम्हीं तेथेंच बसून करून घेतली. एकवीस ओळींपैकीं अठरा पूर्ण लागल्या. नवव्या ओळींत सीमेच्या ओढ्याचें नांव व सतराव्या ओळींत दोन अक्षरें प्लास्टिकच्या सुरकुतीखालीं गेलीं आहेत. शेवटची ओळ शिक्क्याखालीं आहे. हुकुमाप्रमाणें देशपांड्यांनीं प्रत घेतली असेल तर हीं अक्षरें तींत असावयास हवींत. सुपें परगण्यांतील देशपांडे दप्तराचा कांहीं भाग ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांनीं त्यांतील इनामपत्रांच्या नकला एकदां चाळून पाहाव्या, व तशी नक्कल आढळल्यास मूळ कागद न पाठवितां तिची प्रत मंडळाकडे द्यावी.